लीजची गाडी परत करताय? सल्ला घेऊन जा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तीन वर्षं लीजची गाडी (हप्ते भरून वापरायची, मुदत संपली की कंपनीला परत द्यायची) वापरून मी ती गेल्या महिन्यात परत केली, त्यामुळे या विषयावर फुकट सल्ला द्यायचा अधिकार मला मिळाला आहे. अधिकाराची किंमत ६४२ डॉलर ५० सेंट. बिल आहे, हवं तर दाखवतो.

सगळ्यात आधी, मैल वाचवा. करारात मुभा वर्षाला १२,००० मैलांची, म्हणजे तीन वर्षांत ३६,०००, त्यापुढे दर मैलाला २५ सेंट. करारातलं ते पान देवघरात लावा. ब्रिजवॉटरच्या बालाजीला शेजाऱ्यांच्या गाडीतून जा. पेट्रोलचे पैसे देऊ करा, ते नको म्हणतातच. आईबाबा साताऱ्याहून आले की नायगारा दाखवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. जाऊन-येऊन ८०० मैल. अशा वेळी भाड्याची गाडी आणा. मी आणली. बाबा ड्राइव्हवेत उभे राहून म्हणाले, "अरे, दारात गाडी असताना भाड्याची कशाला?" बाबांनी जन्मभर एसटीच्या डेपोत हिशेब बघितले, किलोमीटर त्यांना नवे नाहीत. मी लीज समजावून सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे हप्ते तू भरायचे, आणि फिरायचं मात्र त्यांना विचारून?" मी विषय बदलला.

परत देताना ओडोमीटरवर होते ३५,८७० मैल. १३० शिल्लक! वाटलं, तेवढ्याचे पैसे तरी परत देतील. (देत नाहीत. हसू नका.)

ओडोमीटरचा फोटो काढू नका. डीलरचा माणूस किती गोड बोलतो, त्याला काय वाटेल?

तो टॅब्लेट पुढे करेल. वाचत बसू नका, बोट फिरवा आणि मोकळे व्हा. लीजच्या गाडीचेही मैल लेखी द्यायचे, असा इथं १९८६ चा केंद्रीय कायदा आहे. नावच 'ट्रुथ इन मायलेज'. तर त्या सत्यावर सही तुमची असते. आकडा त्यानं टाइप केलेला असतो.

मग बिल येतं. माझ्या बिलावर ३८,५७० मैल आहेत. पाच आणि आठ यांनी आपापसांत जागा बदलल्या, बाकी काही नाही. त्यामुळे २,५७० मैल जास्त, गुणिले २५ सेंट. शिवाय ३९५ डॉलर डिस्पोझिशन फी. आपण स्वतः नेऊन दिलेली गाडी ताब्यात घेण्याचे कष्ट त्यांना पडतात ना, त्याचे.

आता तक्रार करा. फोन सकाळी लावा, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत माणूस मिळतो. तो माणूस म्हणेल, आकडा डीलरनं दिलाय, डीलरशी बोला. डीलर म्हणेल, गाडी लिलावात गेली, लीज कंपनीशी बोला. पुन्हा कंपनीला लावा; आता नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सांगा. मी पाच जणांना पहिल्यापासून सांगितलं. परत देण्याच्या आठ दिवस आधी मी त्याच डीलरकडे ऑइल बदललं होतं. बिलावर स्वच्छ लिहिलंय, ३५,६९०. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं मी आठ दिवसांत २,८८० मैल गाडी हाणली, रोज ३६०! रोज उठून जवळजवळ नायगारा गाठला म्हणा ना! ज्या गाडीतून स्वतःच्या आईबापांना एकदाही नेलं नाही, त्या गाडीतून! हे सगळं लिहून पाठवलं, बिल जोडलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: सर्व्हिसचं बिल पुरावा म्हणून चालत नाही. का चालत नाही? डीलर एक, छप्पर एक, मशीन एक. ऑइलचे पैसे घेताना चाललं होतं की!

लीजचे नियम बघणारं सीएफपीबी नावाचं सरकारी खातं आहे, तिथं घरबसल्या ऑनलाइन तक्रार नोंदवता येते, हे मात्र कुणाला सांगू नका.

काल नवीन पत्र आलं. 'सद्भावना' म्हणून कंपनी १०० डॉलर सोडायला तयार आहे. उरलेले ३० दिवसांत न भरल्यास वसुलीवाल्यांकडे प्रकरण जाईल.

पुरे झाली थट्टा. शंभर डॉलर कसले सोडता? मी जास्त चालवली असेल तर सगळे घ्या, नसेल तर एक सेंटही मागू नका. चूक तुमच्या माणसानं करायची, पुरावा मी शोधायचा, आणि वर माझा क्रेडिट स्कोअर ओलीस ठेवायचा? दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून बघायला तुमच्याकडे एक माणूस नाही?

आणि तुम्ही, हे वाचून मान डोलावणारे! तुम्हीही बोट फिरवूनच येणार आहात, मला माहीत आहे. इतके शिकलो आपण, महिन्याला पगाराच्या पावतीतला सेंट अन् सेंट तपासतो, आणि सही करताना वरचे पाच आकडे वाचत नाही. मीही वाचले नाहीत. लाज वाटते.

पण ती माझी लाज झाली. तुमचं काम वेगळं आहे. मला सवलत नको, आकडा दुरुस्त करा. आधी पाच, मग आठ. पहिलीतल्या पोराला जमतं.