पर्वती चढून कमावलेले एक किलो आठशे ग्रॅम

73.2.

मी काट्यावरून उतरले. काटा उचलून बेसिनखालच्या फरशीवर ठेवला, परत चढले. 73.2. ती फरशी जरा उतरती आहे म्हणून काटा ओढत स्वयंपाकघरात नेला. केसांची क्लिप काढली, मंगळसूत्र काढून ओट्यावर ठेवलं. पहाटेचे पाच वाजायला दहा कमी, दिवा न लावता, थंडीत काकडत मी एका पायावर चढून पाहिलं. हो, एका पायावर. त्रेचाळीस वर्षांची, एम.कॉम. झालेली बाई. 73.3. म्हणजे फरशी बदलून आणखी शंभर ग्रॅम पदरात पडले.

तेवीस दिवसांपूर्वी हाच आकडा 71.4 होता. भाऊबीज उरकली, फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि मी ठरवलं, आता बास. सोमवार-बुधवार-शुक्रवार जिम, मंगळवार-गुरुवार-शनिवार पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या. रविवारी आराम, म्हणजे घरातल्या आठवडाभराच्या कपड्यांचा डोंगर. तेवीस दिवसांत एकही खाडा नाही. सर्दी झाली तेव्हा गेले, नणंद मुक्कामाला होती तेव्हा तिचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवून गेले. ज्या बाईने शाळेत पी.टी.च्या तासाला कायम पोट दुखतंय सांगितलं, तिने तेवीस दिवस पहाटे उठून घाम गाळला आणि बक्षीस काय, तर एक किलो आठशे ग्रॅम! काही न करता दिवाळीतले उरलेले अनारसे संपवत बसले असते तरी एवढं वाढलं नसतं.

आणि वर माणसं बोलतात. चौथ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "जिम लावलं होतंस ना गं? सोडलंस का?" सोडलंस का! मी घामाने भिजलेल्या टी-शर्टमध्ये, हातात पाण्याची बाटली घेऊन उभी होते. सासूबाई तर मनापासून खूश: "अंगी लागतंय हो व्यायाम, चेहरा भरलाय." त्यांच्या पिढीत हे कौतुक असतं हे मला कळतं. म्हणूनच तर रागावताही येत नाही, आणि तो राग मग कुकरवर निघतो.

नवऱ्याचं तर बोलूच नका. त्याने काय केलं? संध्याकाळच्या चहातली साखर सोडली. एवढंच. मुद्दाम नाही, साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि त्याला काढायचा कंटाळा आला. गडी दीड किलोने उतरला! त्याला त्याचा पत्ताही नव्हता, मीच काट्यावर उभं केलं म्हणून कळलं. वर मला म्हणतो, "अगं, तू फार टेन्शन घेतेस, त्याने वाढतं." सासूबाईंनी त्या दिवसापासून त्याच्या भातावर तुपाची धार वाढवली आहे, पोरगा खंगला म्हणून.

जिममधला ट्रेनर तेवीस-चोवीस वर्षांचा. पोट नावाचा अवयव त्याला देवाने दिलेलाच नाही. त्याला 73.2 सांगितलं तर म्हणाला, "मॅम, मसल वेट आहे. मसल फॅटपेक्षा जड असतो." अरे बाबा, लहानपणी आम्हाला कोडं घालायचे, एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? किलो तो किलोच. स्नायू घट्ट असतो, तेवढ्याच वजनात जागा कमी घेतो, हे खरं. पण माझ्या वयाच्या बाईच्या अंगावर तीन आठवड्यांत पावणेदोन किलो स्नायू चढत असते, तर तालमीतल्या पोरांनी थंडाई सोडून माझ्या पाया पडायला रांग लावली असती. मग म्हणाला, "ट्रस्ट द प्रोसेस, मॅम." आणि त्याच दमात प्रोटीन पावडरचा डबा दाखवला, बेबी पावडरचा वाटेल अशा बेताचा नव्हे, रंगाच्या बादलीएवढा. तो नाही घेतला म्हणून आता माझ्याकडे लक्षच नाही त्याचं.

शेवटी मावसबहिणीला फोन केला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. ती आधी पोटभर हसली. मग विचारलं, "पायऱ्या उतरताना पाय थरथरतात का?" थरथरतात? पहिल्या आठवड्यात मी कमोडवर बसताना भिंत धरत होते. देवापुढे दिवा लावायला खाली बसले तर उठवायला मुलगी लागायची. गंमत म्हणजे ज्या दिवशी पर्वती केली त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा धरायच्या की विचारू नका. ती म्हणाली, तेच ते. चढताना दम लागतो, पण मार बसतो तो उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचा भारही पेलत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे पाणी जमा करतं, सूज येते. पर्वतीच्या पायऱ्या 103. मी सहा फेऱ्या मारते. म्हणजे सहाशे अठरा चढायच्या आणि सहाशे अठरा उतरायच्या, आठवड्यातून तीनदा. गेली वीस वर्षं बँकेच्या खुर्चीत बसलेल्या मांड्यांना हे असं अचानक.

दुसरं, ती म्हणाली, नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू पुढच्या वेळेसाठी साखर साठवायला शिकतात, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. रक्तातला पाण्याचा भागही वाढतो. त्यात तू घरी येऊन मीठ घातलेलं लिंबू सरबत पितेस, मीठ पाणी धरून ठेवतं. आणि पाळी कधी आहे? चार दिवसांवर. "मग काय," म्हणाली, "त्या आधी काही बायकांचं एक-दोन किलोही इकडेतिकडे होतं. यातलं बरंचसं पाणी आहे गं, काही आठवड्यांत खाली येईल."

पाणी! म्हणजे मी पहाटे उठून स्वतःची टाकी भरतेय.

आता खरा राग इथे आहे. हे जर खरं असेल, आणि ती सांगतेय म्हणजे असणारच, तर हे मला पहिल्या दिवशी कोणी का सांगितलं नाही? जिममध्ये वर्षाचे पैसे आधी मोजून घेतले, फॉर्मवर रक्तगटापासून नातेवाइकाच्या फोन नंबरापर्यंत सगळं भरून घेतलं, भिंतीवर "आधी" आणि "नंतर"चे फोटो लावलेत. "आधी"त ढेरी, "नंतर"मध्ये सपाट. मधला फोटो कुठे आहे? ज्यात तो माणूस आणखी फुगलाय, लंगडतोय आणि लिफ्टमधल्या बाईला तोंड लपवतोय, तो? एक ओळ लिहून लावायला काय जात होतं की, बाई, पहिल्या महिन्यात काटा वर जाईल, घाबरू नका? माझा आपला संशय आहे, की त्यांना माणसं तिसऱ्या आठवड्यात पळून गेलेलीच हवी असतात. पैसे जमा, मशीन मोकळी.

तो काटाही एक नंबरचा चहाडखोर. काचेचा, मोबाइलला जोडलेला, मुलीच्या हट्टापायी आणलेला. तळपायातून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा झाला त्यावरून अंदाज बांधतो, की चरबी किती, पाणी किती, हाडं किती. म्हणजे आधीच अंदाज. पाय ओले असले की वेगळं, तांब्याभर पाणी प्यायलं की वेगळं. पण बोलणार असा ठामपणे, जसा आमच्या गावचा वैद्य नाडी धरून. परवा मोबाइलवर निरोप आला, "तुमचं शरीराचं वय 54." मी त्याला माझं वय भरून दिलंय, तरी! त्यापेक्षा पूर्वी स्टेशनवर ते लाल-पिवळे दिवे फिरणारं यंत्र असायचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन वाढलं असलं तरी मागे काहीतरी गोड लिहिलेलं असायचं, तेवढाच दिलासा.

बरं, खाण्याचं. विचारणार आहातच तुम्ही, सगळे विचारतात, म्हणून सांगते. पर्वतीवरून आले की भूक अशी लागते की फ्रीजचं दार उपटून खावं. मग मी शिक्रण करते. दोन केळी, वाटीभर दूध, साखर. व्यायाम केलाय, केळं चांगलं असतं, ट्रेनरच म्हणाला होता. एके दिवशी बसून मांडलं: शिक्रण साडेतीनशे कॅलरीच्या घरात जातं. आणि सहा फेऱ्यांच्या जळतात शंभर-सव्वाशे. मला हे वाचून इतकं अपमानित वाटलं! सहा फेऱ्यांना फक्त एवढ्याच? तोंडाला फेस येतो हो. निदान पाचशे तरी द्या! दुपारच्या जेवणात एखादी पोळी जास्त जातेय, रात्रीही एक. एक किलो चरबी म्हणजे 7700 कॅलरी असं धरतात. म्हणजे पावणेदोन-दोन किलोसाठी दिवसाला सहाशेच्या आसपास जादा खायला हवं. शिक्रण अधिक दोन पोळ्या म्हणजे… असो. हा हिशोब मी इथेच थांबवते. पाणी आहे ते. बहीण म्हणाली ना.

आणि अजून एक सांगते, पण घरात कोणाला कळता कामा नये. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गेली अकरा वर्षं मी जिन्याने ये-जा करायचे. भाजीची पिशवी घेऊन, गॅलरीतून पडलेला टॉवेल आणायला, दिवसातून चार-पाच वेळा. पर्वती सुरू केल्यापासून मांड्या दुखतात म्हणून मी लिफ्टने जाते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचं तर स्कूटी काढते. दुपारी, रजा असेल तर, आडवी होते, कारण दमलेय. म्हणजे सकाळी तासभर मर मर मरायचं आणि उरलेला दिवस राणीसारखं लोळायचं. हे माझ्या लक्षात परवा आलं, लिफ्टची वाट बघत सात मिनिटं उभी होते तेव्हा.

बहीण म्हणाली, रोज वजन करू नकोस, टेप लाव. शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली. कंबर जैसे थे. दंड जैसे थे. मांडी अर्ध्या इंचाने वाढलेली. टेपसुद्धा त्यांनाच सामील.

जिमचे अकरा महिने आणि एक आठवडा शिल्लक आहे, पैसे परत मिळत नाहीत, विचारून झालंय. तेव्हा उद्या परत पावणेपाचचा गजर, परत काळोखात बूट शोधणं. शिक्रण बंद, निदान साखर तरी. आणि उद्यापासून मी जिन्यानेच चढणार आहे. व्यायाम म्हणून नाही हो. लिफ्टमध्ये त्या काकू भेटतात म्हणून.