राउटरला लावलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि छोट्या व्हिडिओंमधून एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. तो असा: घरात पडून असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क वाय-फाय राउटरच्या यूएसबी पोर्टला लावा किंवा एखाद्या कॉम्प्युटरला लावून शेअर करा. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा, 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या, डिस्क दिसत नसेल तर एसएमबी 1.0 (विंडोजमधली फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी म्हणून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. बाहेरून फाइल हवी असेल तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडा. झाला घरचा क्लाउड, बॅकअपची काळजी मिटली!

एकच डिस्क घरातल्या सगळ्या लॅपटॉपना वापरता यावी ही कल्पना चांगलीच आहे आणि ती जरूर अमलात आणावी. माझा आक्षेप सांगितलेल्या पायऱ्यांवर आहे आणि त्याहून जास्त त्या शेवटच्या वाक्यावर. सुरुवात तिथूनच करतो, कारण सर्वांत मोठं नुकसान त्याच वाक्याने होतं.

डिस्क शेअर झाली की लोक काय करतात? लॅपटॉपमध्ये जागा हवी म्हणून लग्नाचे, बाळाच्या बारशाचे, आजी-आजोबांचे फोटो त्या डिस्कवर हलवतात आणि मूळ फोटो पुसून टाकतात. म्हणजे प्रत एकच उरते, तीसुद्धा दिवसरात्र चालू असलेल्या, फिरत्या भागांच्या यंत्रात. त्यात आणखी एक गोष्ट हे सल्ले सांगत नाहीत: नेटवर्कवरच्या डिस्कवरून विंडोजमध्ये फाइल डिलीट केली, की ती सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट कायमची जाते. घरातल्या कुणाच्याही हातून चुकून फोल्डर पुसलं गेलं तर ते सगळ्यांचंच गेलं. आणि एका लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं, तर त्या लॅपटॉपला जिथे लिहिता येतं ते सगळं ते कुलूपबंद करतं. 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेली तुमची डिस्कही त्यात आली.

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि ती बहुतेक वेळ कशालाही जोडलेली नसावी. एक डिस्क शेअरसाठी ठेवा. दुसरी कपाटात ठेवा, ठरलेल्या दिवशी बाहेर काढा, नवीन फाइल्स कॉपी करा आणि परत ठेवून द्या. जे पुन्हा मिळणारच नाही त्याची तिसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा क्लाउडवर. कृपा करून एवढं तरी कराच.

आता एसएमबी 1.0. फाइल शेअरिंगची ही पद्धत 1980च्या दशकातली. 12 मे 2017 रोजी जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच पद्धतीतल्या एका भोकातून शिरलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य मशीन्सवर तो टाकलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे तसंच घातक सॉफ्टवेअर आलं, त्याने पसरण्यासाठी हेच भोकही वापरलं, आणि मर्स्क या जहाज समूहाशी संबंधित असलेलं न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यात अडकलं. अपडेट केलेल्या विंडोजमध्ये ते भोक आज बुजलेलं आहे, हे मान्य. पण या पद्धतीत फाइल्स एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे इतरांना वाचता येणार नाहीत अशा रूपात, जात नाहीत, आणि अशा त्रुटींमुळेच 2017च्या अखेरीपासून नव्या विंडोज 10मध्ये ती सहसा बसवलेली नसते.

मग डिस्क दिसत नाही त्याचं काय? 'नेटवर्क'मध्ये न दिसणं वेगळं आणि न उघडणं वेगळं. ती यादी दाखवण्याचं जुनं काम एसएमबी 1.0वर अवलंबून होतं, इतकंच. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे त्या कॉम्प्युटरचं नाव किंवा आयपी पत्ता लिहा, बहुतेक वेळा शेअर उघडतं. नाहीच उघडलं, तर नेटवर्क 'पब्लिक'ऐवजी 'प्रायव्हेट' केलं आहे का ते बघा. आणि एसएमबी 1.0शिवाय राउटर डिस्क देतच नसेल, तर त्याचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे. त्याच्या हाती कुटुंबाचे फोटो देऊ नयेत.

'घरातलेच तर आहेत, पासवर्ड कशाला?' हा प्रश्न मला समजतो. पण तुमच्या वाय-फायवर घरातलेच नसतात. पाहुण्यांचे फोन असतात, टीव्ही असतो, कधीही अपडेट न झालेला स्वस्त कॅमेरा असतो. ज्या कॉम्प्युटरला डिस्क लावली आहे तिथे शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि 'एव्हरीवन' काढून फक्त त्या खात्याला परवानगी द्या. ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांच्यासाठी दुसरं खातं, केवळ 'रीड'चं. प्रत्येक लॅपटॉपवर पासवर्ड एकदाच टाकून जतन करायचा आहे, मग रोज कुणी विचारत नाही. शिवाय विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीत, होम सोडून प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत, एसएमबी सायनिंग (पाठवलेल्या माहितीत कुणी फेरफार केला नाही याची तपासणी) सक्तीचं झालं आहे, आणि पासवर्डविना गेस्ट म्हणून केलेल्या जोडणीत ते होऊच शकत नाही. त्यामुळे पासवर्ड काढण्याचा तो सल्ला आता बऱ्याच नव्या लॅपटॉपवर चालतही नाही.

पोर्ट उघडण्याबद्दल बोलताना मी सौम्य राहू शकत नाही. फेब्रुवारी 2014मध्ये असुसच्या राउटरना लावलेल्या 12,900हून अधिक ग्राहकांच्या डिस्क परक्या लोकांनी इंटरनेटवरून उघडल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण लावून धरलं, आणि 2016च्या तडजोडीत कंपनीवर 20 वर्षांच्या स्वतंत्र तपासणीची अट आली. जून 2021मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' डिस्क दुरूनच फॅक्टरी रीसेट झाल्या. ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती त्यांची वर्षानुवर्षांची माहिती एका फटक्यात पुसली गेली. बाहेरून फाइल हवीच असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता, वापरा. राउटरवर 445 पोर्ट, म्हणजे एसएमबी शेअरिंगची वाट, कधीही उघडू नका.

एक्सफॅटचा मुद्दा लहान आहे. नेटवर्कवरून डिस्क वापरताना मॅकला तिचं फॉरमॅट कळावंच लागत नाही, ते फक्त ज्याला डिस्क लावली आहे त्याला कळलं पाहिजे. विंडोजला लावली असेल तर एनटीएफएस हे विंडोजचं फॉरमॅटच ठेवा, कारण एक्सफॅटमध्ये फोल्डरवार परवानग्या देता येत नाहीत, आणि अचानक वीज गेली तर सावरण्यासाठी एनटीएफएससारखी जर्नलची, म्हणजे बदलांची नोंद ठेवण्याची, सोयही नाही. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आपल्याला माहीत आहे.

राहिली राउटरची ताकद. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरची हमी देतो. लहान डिस्कला फिरायला सुरुवात करताना बरेचदा त्याहून जास्त लागतं, म्हणून ती मधेच गायब होते. अशा वेळी स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेली डिस्क घ्या. राउटरचे लॅन (केबलचे) पोर्ट 100 एमबीपीएसचे (सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट) असतील तर सेकंदाला साधारण 11 एमबीच मिळतात, म्हणजे 100 जीबीला अडीच तास. पहिली मोठी कॉपी डिस्क थेट लॅपटॉपला लावूनच करा.

या पायऱ्या आधीच केल्या असतील तर आज संध्याकाळी 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधलं 'शेअर्ड फोल्डर्स' उघडा. काय काय शेअर झालं आहे आणि आत्ता कोण जोडलेलं आहे, दोन्ही तिथे दिसतं. नंतर 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये जाऊन एसएमबी 1.0ची खूण काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.