व्याह्यांबरोबर अठरा होल

येरवड्यात माणसाला पाठवण्याजोग्या तीन जागा आहेत: कारागृह, मनोरुग्णालय आणि गोल्फ कोर्स. पैकी पहिल्या दोन ठिकाणी पदरचे पैसे मोजून, हौसेनं कोणी जात नाही. मी तिसऱ्या ठिकाणी गेलो, कारण बोलावणं व्याह्यांचं होतं. लेकीच्या सासऱ्याला ‘नको’ म्हणायची सोय आपल्याकडे अजून झालेली नाही.

हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, वाळूच्या उघड्या टेकाडांवर. तिथे झाड औषधालाही सापडायचं नाही. पुढे कोणाला तरी तो बागेत खेळायची बुद्धी झाली आणि फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत न्यायच्या मोकळ्या पट्ट्याच्या, दोन्ही अंगांना झाडं आली. नुसतं फिरायला गेलात तर नंदनवन. हातात ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी असेल, तर त्यातलं एकेक झाड वैर धरून उभं असतं.

व्याह्यांनी पहिला चेंडू सरळ, लांब धाडला. “या, आता तुम्ही.” मी मारला. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, पण गुलमोहराच्या बुंध्यावर आपटला की आवाज नारळ फुटल्यासारखा येतो.

“वारा होता, साहेब,” काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं.

मग शोधाशोध. पूर्वी चेंडू शोधायला पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीनच. लग्नात ज्यांच्या खुर्चीसाठी गादी शोधत मी हॉलभर धावलो होतो, ते व्याही आता माझा चेंडू शोधत गवतात वाकले होते. वरपक्षाला असं वाकलेलं बघून मला घाम फुटला. चेंडू सापडला, पण मुळांच्या बेचक्यात. एक दंडाचा फटका घ्यायचा आणि चेंडू बाजूला, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. हाही 2019 चाच नियम. आधी खांद्याइतका हात लांबवून ताठ उभं राहून सोडायचे. “मुलीच्या बापाला वाकायची सवय असतेच,” मी म्हणालो. कॅडी हसला. व्याही हसले नाहीत.

खरा छळ ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर. भोक 108 मिलिमीटर रुंद. चेंडू त्याच्या अगदी जवळ असला, तर समोरचा ‘दिला’ म्हणतो आणि तो गेला असं धरायचं. ही सवलत एकास एक सामन्यातली, आम्ही तर फटके मोजत होतो. पण व्याह्यांची माया दांडगी. आधी ते वीतभरावरून ‘दिला’ म्हणत, मग काठीभरावरून, आणि दहाव्या होलनंतर मी ग्रीनवर पाऊल ठेवताच, “राहू द्या हो, दिला!” देण्याघेण्याचं नाव काढायचं नाही, असं सुपारी फुटतानाच ठरलं होतं. इथे ते देत होते आणि मी मुकाट्यानं घेत होतो. शिवाय सगळं स्कोअरकार्डावर लिहून ठेवत होतो.

अठराव्यावर त्यांचा चेंडू भोकापासून दोन वितींवर थांबला. परतफेडीची ही एवढीच संधी. मी घाईघाईनं म्हणालो, “राहू द्या, दिला!”

“छे, छे! तुमच्याकडून काही घ्यायचं नाही, असा शब्द दिलाय आम्ही,” म्हणत त्यांनी हलकेच टोला दिला. चेंडू भोकाच्या कडेवर गिरकी घेऊन बाहेर आला.

मी आभाळाकडे पाहू लागलो.

“वारा होता, साहेब,” कॅडी म्हणाला.