कायदा कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे

समाजसेवा करायची ठरवलीत, अभिनंदन. आता आधी सात माणसं गोळा करा, कारण सोसायटी म्हणून नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात. तुम्ही, सौ., मेहुणे, साडू, भाऊ, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (अक्षर चांगलं, म्हणून सचिव तेच) आणि सातवे गावातले कुणी वयोवृद्ध, ज्यांचं नाव लेटरहेडवर शोभून दिसतं. त्यांना बैठकीला बोलवायचा त्रास देऊ नका. प्रोसिडिंग बुक चहाच्या वेळी घरी पाठवा, पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या जागी ते सह्या करतील. ते वारले तरी घाबरायचं कारण नाही. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा, असं सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठीचा १९५० चा कायदा म्हणतो खरा. पण परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीत, जिवंत असलेला दिवंगत माणूस कुठल्याही ठरावाला विरोध करत नाही, उलट सूचक-अनुमोदकाची अडचण कायमची मिटते. हिशेब मागणाऱ्या हयात विश्वस्तापेक्षा असा विश्वस्त संस्थेला केव्हाही परवडतो.

यथावकाश तुमचं बालगृह उभं राहील, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) मिळेल आणि देणगीदार येऊ लागतील. या धंद्यातला, माफ करा, सेवेतला खरा लाभार्थी देणगीदारच असतो, हे कायम ध्यानात ठेवा. पितृपक्षात त्याला जेवण घालायचं असतं. मुलांनी दुपारी एका देणगीदाराची श्रीखंड-पुरी खाल्लेली असली तरी चारला दुसऱ्यांची जिलबी आनंदानं खाल्ली पाहिजे. भाषणं संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हे मुलांना आदल्या रात्री शिकवून ठेवा. एखाद्या मावशी हमखास मांडीवर मूल ओढून विचारतील, "तुझे आईबाबा कुठं असतात रे बाळा?" त्यांना अडवू नका. पाच हजारांची देणगी देणाऱ्या माणसाला एवढं विचारायचा हक्क नसेल तर द्यायचे कशाला?

फोटोत मात्र कंजूषी नको. समजा तुमच्याकडे एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं वसतिगृह आहे. आठ बाय चारचा बॅनर छापा. 'एचआयव्हीबाधित बालकांना शालेय साहित्य वाटप' ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात, खाली देणगीदाराचा लोगो, त्याखाली गाव, तालुका, जिल्हा. मुलं उंचीनुसार उभी करा. आता २०१७ चा एचआयव्ही कायदा ही माहिती संमतीशिवाय फोडू देत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करू देत नाही. केलंच तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यावर उपाय आहे: डोळ्यांवर काळी पट्टी. पट्टीच्या खाली गणवेश दिसतो, खिशावर शाळेचं नाव दिसतं आणि लाल रिबिनीची एकच वेणी वर्गात कोण घालतं हे सगळ्या पोरांना पाठ असतं. सोमवारी तिच्या बाकावर कुणी बसायला तयार झालं नाही, तर तो समाजाच्या अज्ञानाचा प्रश्न. त्यासाठी तुम्हाला जनजागृतीचा वेगळा प्रकल्प मागता येतो. अशानंच संस्था वाढतात.

संमतीचं म्हणाल तर ती घ्यायचीच. छापील अर्ज ठेवा, मजकुराची जागा कोरी आणि खाली चौकोन.

"आजी, इथं अंगठा द्या."

"कशाचा कागद हाये बाबा?"

"किराणा पाहिजे ना?"

झाली संमती. आजी निळा अंगठा पदराला पुसतील, तोवर पुढच्या आजींना बोलवा. त्याच अंगठ्यावर पुढं शिबिराची उपस्थिती, ब्लँकेटची पोच आणि 'माझी यशोगाथा छापण्यास हरकत नाही' हे तिन्ही भागतं.

आता पगार. काळजीवाहक मावशींसाठी प्रकल्पात समजा महिना पंधरा हजार मंजूर आहेत. पूर्वी व्हाउचरला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घेतली की काम व्हायचं. सहीचा आकडा वेगळा, हातातला वेगळा, आणि दोघांनाही ते माहीत. हल्ली देणगीदार म्हणतो, पैसे थेट खात्यावर टाका. टाका की! मावशींचं खातं तुम्हीच उघडून द्या आणि एटीएम कार्डं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, रबरबँड लावून, प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टीखाली पिन. पगाराच्या दिवशी ड्रायव्हर एकदाच जाऊन सगळ्यांचे पैसे काढून आणतो, मावशींचा हेलपाटा वाचतो. नऊ हजार त्यांच्या हातात, सहा हजार संस्थेच्या कार्याला. या सहा हजारांची पावती मात्र फाडू नका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नसते. मग सवलत नसलेला कागद देऊन मावशींची फसवणूक कशाला करायची?

कुणी किमान वेतनाचा विषय काढलाच तर चेहरा दुखावल्यासारखा करा आणि म्हणा, "ताई, ही नोकरी नाही, सेवा आहे." हे वाक्य फक्त खालच्यांना सांगायचं असतं. संचालकांच्या गाडीच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही. अंगणवाडी सेविकांना मानधनावर राबवून सरकारनं आपल्याला वाट दाखवलीच आहे. फक्त एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगून थोडी पंचाईत केली. म्हणून नोकरी सलग दिसू नये यासाठी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांचीच द्या आणि मधे चार दिवसांचा खंड दाखवा. मावशी त्या चार दिवसांतही मुलांना आंघोळ घालायला येतीलच. त्यांना मुलांचा लळा असतो, आणि तो कुठल्याच बजेटमध्ये धरावा लागत नाही.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हा जरा नाजूक मामला. दहा माणसं कामाला असली की ती लागते, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. काही जण हजेरीपटावर नऊच नावं ठेवतात आणि बाकीच्यांना 'स्वयंसेवक' म्हणतात. कायद्यानं बिनपगारी स्वयंसेवकालाही कर्मचारी धरलंय, पण ते व्याख्येच्या कलमात आहे आणि व्याख्या कोण वाचतं? तरी धोका नको. समिती करून टाका. अध्यक्षपदी सौ., कारण कागदोपत्री त्या 'वरिष्ठ महिला कर्मचारी' असतात. बाहेरची सदस्य म्हणून वहिनी, त्यांचं महिला मंडळ आहे. कुणाची तक्रार आली आणि ती साडूंविरुद्ध असली, तर बैठक घरातच, जेवणानंतर, उरकता येते.

एक गोष्ट मात्र नव्या मुलींना सांगू नका. १९९२ साली राजस्थानात भंवरी देवी नावाच्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' होती, गावात फिरून लोकांना समजावणं हे तिचं काम होतं आणि तिनं एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला होता. कामापायी बाईवर हे ओढवलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला, १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा. म्हणजे बँका नि कारखाने ज्या कायद्याखाली आज समित्या नेमतात, तो आपल्यासारख्याच फिल्डवरच्या बाईमुळं आलाय. एवढं ठाऊक असलेली, समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली मुलगी मुलाखतीला आली, तर 'आमच्या कामाच्या मानानं तुमचं शिक्षण जास्त आहे' असं कळवून टाका.

एवढं करूनही कधीतरी एखादं मूल मावशींच्या कानात काहीतरी सांगतं. इथं तुमच्या नेतृत्वाची कसोटी आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा म्हणतो, नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं पाप दडवलं तर वर्षापर्यंत. खरं-खोटं ठरवायचं काम संस्थेचं नाहीच, ते पोलीस आणि न्यायालय बघेल, इतकं ते सरळ आहे. पण सरळ वाटेनं गेलात तर बातमी होईल. म्हणून मुलाला केबिनमध्ये बोलवा. चार मोठी माणसं खुर्च्यांवर, मूल उभं. तेच तेच पाच वेळा सांगायला लावा, पाचव्या वेळी काहीतरी फरक पडतोच. "बघा, बोलणं बदलतंय," असं इतिवृत्तात लिहा. 'त्या' कर्मचाऱ्याची दुसऱ्या शाखेत बदली करा. तिथंही मुलंच असतात, त्यामुळं त्याच्या अनुभवाचा उपयोग होईल. आणि मावशींची ऑर्डर अकरावा महिना भरायच्या आतच संपवा.

तपासणीला अधिकारी येतात तेव्हा पडदे धुतलेले हवेत, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनचा फलक लावलेला हवा (एरवी तो कपाटामागं असतो, हरवू नये म्हणून) आणि मुलं सभागृहात प्रार्थना म्हणत हवीत. पाहुण्यांना आधी कार्यालयात बसवा, नाश्ता द्या, रजिस्टरं दाखवा. रजिस्टरांवर माणूस तीन तास सहज काढतो. मुलांशी एकट्यानं बोलू देऊ नका. बिहारमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या लोकांनी गृहांचं सामाजिक लेखापरीक्षण करताना हाच शिष्टाचार मोडला, मुलांमुलींजवळ बसून बोलत राहिले. त्यांच्या २०१८ च्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले मुलींवरचे लैंगिक अत्याचार उघडे पडले. तोवर त्या गृहाला सरकारी अनुदान मिळतच होतं, म्हणजे कागद चोख असणार. २०२० मध्ये चालकाला जन्मठेप झाली. कागद नीट असताना एवढं झालं, तर निष्काळजीपणानं मुलांना बोलू देणाऱ्याचं काय होईल, विचार करा.

आमच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत मागं अशीच कुजबुज सुरू झाली होती. अध्यक्षांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून फक्त एवढंच विचारलं, "आम्ही काय स्वतःच्या पोटासाठी करतो हे?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. नवीन बंगल्याची वास्तुशांत त्याच महिन्यात होती, सगळ्यांना आमंत्रण होतं.

आणखी एक व्यावहारिक सूचना. समाजसेवेच्या पुरस्काराचे अर्ज मागवले की त्यासोबत बहुधा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला जोडावा लागतो. तो आधी काढून घ्या, अर्ज जमा करून पोच घ्या. मुलाच्या तक्रारीचं काय करायचं ते पुरस्काराच्या यादीनंतर बघता येईल. तोपर्यंत मुलाला गावी आत्याकडं पाठवलं तरी चालतं, प्रवासखर्च 'पुनर्वसन' या शीर्षाखाली टाका.