‘पिंग आलं म्हणजे सर्व्हर चालू’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सर्व्हर चालू आहे का ते बघणाऱ्या माझ्या स्क्रिप्टवर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, स्वतःची चार ओळींची, नुसतं पिंग करणारी बॅच फाइलही (विंडोजवरची छोटी स्क्रिप्ट) दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : पिंगने (समोरच्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या आज्ञेने) भागतं तिथे साठ ओळी कशाला, तीनदा चुकल्यावरच मेसेज पाठवण्यात पाच-सहा मिनिटं का घालवायची, आणि तयार साधनं असताना हा खटाटोप का. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पहिला मात्र अजिबात नाही, आणि एके काळी मीही तुमच्याच मताचा होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मी बघतो. सर्व्हर नवी मुंबईत महापेला डेटा सेंटरमध्ये, मी दादरला. तेव्हा माझी स्क्रिप्टही नुसत्या पिंगचीच होती, दर दोन मिनिटांनी चालायची. एका शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, “दादा, रिपोर्ट निघतच नाहीयेत, नुसतं गोल गोल फिरतंय.” फोन कानाला धरूनच मी लॉग, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदींची फाइल, उघडला. चालू, ४ मिलिसेकंद. चालू, ५ मिलिसेकंद. रात्रभर हेच. ताईंशी बोलत असताना अजून एक ओळ पडली : चालू, ४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात रात्री दोनच्या बॅकअपने डिस्क भरली होती आणि डेटाबेस तेव्हापासून बंद पडला होता. तिकडे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागलेली, आणि एका आजींचा सोडियमचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या मुलाला हॉस्पिटल गाठायचं होतं. ताईंनी मशीनवरचा आकडा बघून लेटरहेडवर हाताने लिहून दिला.

पिंगने तेव्हा काही चुकीचं सांगितलं नव्हतं. त्याला उत्तर देतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. वर डेटाबेस जिवंत आहे की मेला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिलं ते मुळात नेटवर्कमधला बिघाड शोधायला, आणि नाव ठेवलं पाणबुडीतल्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून. समोरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत येता येतं का, एवढंच ते विचारतं. उलटही होतं : फायरवॉलने पिंग अडवलं असेल तर ठणठणीत चालणारा सर्व्हरही तुमच्या फाइलला बंद दिसेल.

तुमच्या फाइलबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुम्ही विंडोजमधल्या एररलेव्हलवर, म्हणजे आज्ञा संपल्यावर मिळणाऱ्या निकालाच्या आकड्यावर, निर्णय घेता; शून्य म्हणजे सगळं ठीक. सर्व्हरपर्यंत पोचताच येत नसेल तेव्हा कधी कधी वाटेतला राउटर किंवा तुमचंच यंत्र ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं कळवतं. विंडोजचं पिंग तेही आलेलं उत्तर म्हणून मोजतं आणि एररलेव्हल शून्य ठेवतं. उत्तर आलं खरं, पण सर्व्हरकडून नाही. म्हणून निदान आउटपुटमध्ये ‘टीटीएल=’ (TTL=, हे खऱ्या उत्तराच्या ओळीतच असतं) सापडतं का ते तपासा. लिनक्सवर ही फसगत होत नाही, तिथे निकालाचा आकडा असा : एक तरी खरं उत्तर आलं तर शून्य, एकही नाही आलं तर एक, आणि नावच सापडलं नाही अशा चुकांना दोन.

माझ्या साठ ओळींतल्या बऱ्याचशा खर्ची पडल्यात त्या सर्व्हरवरच्या एका छोट्या वेब पानावर. स्क्रिप्ट ते पान कर्लने (वेब पान मागवणाऱ्या आज्ञेने) मागते, दहा सेकंदांची मुदत घालून. ते पान डेटाबेसमध्ये आत्ताची वेळ लिहितं, तीच परत वाचतं आणि मगच ‘ठीक’ छापतं. लिहिणं मुद्दाम ठेवलंय, कारण डिस्क भरल्यावरही नुसतं वाचणं कित्येकदा चालू राहतं. आणि ‘पान नीट मिळालं’ असं सांगणारा २०० हा कोड आला एवढ्यावरही मी थांबत नाही, ‘ठीक’ हा शब्द शोधतो. ‘देखभाल सुरू आहे’ असं सांगणारं पानसुद्धा बिनदिक्कत २०० देऊ शकतं.

आपलीच लाइन गेली तर काय, हा भाग मी शिकलो १२ ऑक्टोबर २०२० ला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझा राउटर इन्व्हर्टरवर होता, पण बिल्डिंगखालचा केबलवाल्याचा स्विच बंद. स्क्रिप्टने सर्व्हर बंद पडल्याची नोंद केली आणि मी लॅबला फोन करून घाबरवून सोडलं. महापेला जनरेटरवर सगळं सुरळीत चालू होतं. तेव्हापासून स्क्रिप्ट आधी राउटर बघते, मग बाहेरचे दोन ठरलेले पत्ते. तेच मिळाले नाहीत तर ‘माझी लाइन गेली’ एवढंच लिहून ठेवते. इथे पिंग अगदी योग्य आहे, कारण प्रश्नच रस्त्याचा आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा. मी क्रॉनच्या (ठरावीक वेळाने स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) तीन फेऱ्यांची वाट बघत होतो, ते चूकच. काल रात्री बदललं. एकाच फेरीत दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन प्रयत्न, तिन्ही फसले तर लगेच मेसेज. मधली एखादी हुकलेली विनंती गाळली जाते आणि सगळं मिळून मिनिटाच्या आत आटपतं. हे तुमच्यामुळे झालं, आणि तसं मी स्क्रिप्टच्या वरच्या टिपेत लिहिलंय.

तयार साधनांना माझा विरोध नाही. वीस सर्व्हर असते तर मीही नागिओस हे सर्व्हरवर नजर ठेवणारं साधन लावलं असतं. पण तिथेही यंत्र जिवंत आहे का हे साधारण पिंगने बघतात आणि त्यावरच्या सेवांसाठी वेगळ्या तपासण्या लिहाव्या लागतात. लॅबकडे सर्व्हर दोनच आहेत, आणि मी गावी असताना ताईंच्या भाच्याला वाचून समजेल अशी स्क्रिप्ट मला हवी होती.

तुमच्याकडे चाचणीचा सर्व्हर असेल तर एक करून बघा. यंत्र चालू ठेवा, फक्त डेटाबेस बंद करा आणि तुमच्या चार ओळी चालवा. काय छापून आलं ते इथे जरूर लिहा.