गाडी आपोआप पळत नाही

फॉर्म्युला वन या जगभरच्या मोटार शर्यतींचा २०२४ चा हंगाम संपल्यापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. वर लिहिलंय ‘एफ-वनचं सत्य’ आणि खाली पाच मुद्दे. गाडी कॉम्प्युटर चालवतो, ड्रायव्हर नुसता बसतो. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, सगळं रेड बुल टीमच्या मॅक्स व्हर्स्टापेनसाठी. शर्यती रटाळ असतात. पेट्रोलची नासाडी होते. भारतीयाला तिथे कोणी उभं करत नाही. शेवटी सल्ला, की त्यापेक्षा आपला बैलजोड्यांचा शंकरपट पाहा, तिथे जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या अंगात दम लागतो.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण हा घाटंजीकडे माझ्या बहिणीच्या घरी पोचला आणि भाऊजींनी तो जेवताना भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. “पाह्य, कॉम्प्युटर चालवते गाडी. बसनारा नुसता बसते. अन् तू त्याच्यापायी रातभर जागतं.” पोरगा बारावीला आहे, पुढे मोटार मेकॅनिकचा आयटीआय करायचा म्हणतो. त्या रात्री त्याचा फोन आला, “मामा, खरं आहे काय हे?”

खरं नाही. आणि पहिला मुद्दा तर इतका खोटा आहे की त्यावरच जास्त लिहावं लागेल.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीला एबीएस लावायला बंदी आहे. चाक घसरू नये म्हणून इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारं ट्रॅक्शन कंट्रोल २००८ पासून बंद आहे. गिअर आपोआप बदलून चालत नाही, ड्रायव्हरलाच स्टीअरिंगमागची पट्टी बोटाने ओढावी लागते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर किती ठेवायचा, हेही तो चालत्या गाडीत वळणागणिक बदलत असतो. कॉम्प्युटर गाडीत आहे, ढीगभर आहे. तो मोजतो, पिटमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या जागेतल्या, इंजिनिअरला आकडे पाठवतो. ब्रेक मात्र माणसाचा पाय दाबतो आणि जरा जास्त दाबला की चाक जाम होऊन टायरमधून धूर निघतो.

नुसतं बसायचं असतं, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत जे झालं ते झालं असतं काय? त्या उकाड्यात एस्टेबान ओकॉन या ड्रायव्हरला हेल्मेटमध्ये उलटी झाली, तरी त्याने शर्यत पुरी केली. दुसरा ड्रायव्हर लोगन सार्जंट, त्याला अंगातलं पाणी कमी होऊन मधेच थांबावं लागलं. मे महिन्यात भर दुपारी ट्रॅक्टरवर बसलेल्याला विचारा, नुसतं बसणं म्हणजे काय ते.

आता ज्याच्यावर कोणी वाद घालू शकत नाही, तो गुणतक्ता घ्या. एका टीमकडे गाड्या दोन, बनावट एकच. २०२३ मध्ये रेड बुलच्या गाडीत व्हर्स्टापेनने ५७५ गुण मिळवले, सर्जिओ पेरेझने २८५. २०२४ मध्ये व्हर्स्टापेन ४३७, पेरेझ १५२. कॉम्प्युटर चालवत होता, तर एकाला दुसऱ्याच्या दुप्पट, पुढे जवळजवळ तिप्पट गुण कसे?

२०२४ ची ब्राझीलची शर्यत भाच्याने आणि मी एकत्र पाहिली. ३ नोव्हेंबर, भाऊबीज. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि रात्री नऊला आम्ही दोघं ओसरीत वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून बसलो, मोबाइल पाण्याच्या तांब्याला उभा लावून. तिकडे धो धो पाऊस. गाड्या घसरून भिंतीवर आदळत होत्या, शर्यत मधेच थांबवावी लागली. व्हर्स्टापेन सतराव्या जागेवरून सुटला होता. इतरांची चाकं जिथून पाणी उडवत जात होती ती वाट सोडून तो बाहेरून, जिथे पकड मिळेल तिथून गाडी घालत होता. भाचा पडद्यावर बोट ठेवून मला ती वाट दाखवत होता. व्हर्स्टापेन पहिला आला. पेरेझला, त्याच बनावटीच्या गाडीत, एकही गुण मिळाला नाही.

शंकरपटाच्या माणसाने तर हे लिहायलाच नको होतं. जोडी तीच ठेवून धुरकरी बदलला की वेळ बदलते, हे पटावर उभं राहणाऱ्या लहान पोरालाही कळतं. भाचा स्वतः ट्रॅक्टर चालवतो. पलीकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर नजर ठेवून तो सरी काढतो आणि ती सुतासारखी सरळ येते. तोच ट्रॅक्टर मी चालवला तर सरी वाकडी जाते. मशीनवरच्या कामाला काम न मानणं हे या मेसेजचं सगळ्यात वाईट अंग आहे, कारण ते नेमकं अशा पोरांच्या घरात वाचलं जातं.

गाडी चांगली लागतेच, हे कबूल. दहा शर्यती जिंकलेल्या वाल्टेरी बोटासला २०२४ मध्ये साउबर टीमच्या गाडीत एक गुणसुद्धा मिळाला नाही. पण लागते म्हणजे तीच सगळं करते असं नव्हे.

‘आधीच ठरलेलं’ याला आधार आहे तो २०२१ च्या अबुधाबीचा, आणि तिथे मलाही गप्प बसावं लागतं. हंगामाच्या त्या शेवटच्या शर्यतीला लुइस हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन ३६९.५ अशा बरोबरीच्या गुणांवर आले होते. शेवटी सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवायला लावणारी गाडी, बाहेर आली तेव्हा शर्यत संचालक मायकल मासी यांनी एका फेरीने मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त या दोघांच्या मधल्या पाचच पुढे जाऊ दिल्या, आणि शेवटच्या फेरीत निकाल व्हर्स्टापेनच्या बाजूने फिरला. ते चुकलंच. या शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या संघटनेने २०२२ च्या अहवालात मानवी चूक झाल्याचं मान्य केलं, मासींना त्याआधीच पदावरून हटवलं होतं. पण २०२४? मेक्सिकोत व्हर्स्टापेनला एकाच शर्यतीत दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा झाल्या. टीमचं विजेतेपद मॅक्लारेनने फेरारीला १४ गुणांनी मागे टाकून शेवटच्या शर्यतीत घेतलं आणि रेड बुल तिसरी राहिली. ठरवून कोणी तिसरं येतं काय?

रटाळ म्हणणाऱ्याने एवढंच पाहावं की २०२४ च्या २४ शर्यतींत सात वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले आणि सातही जण किमान दोनदा. २०२३ ला रटाळ म्हटलं असतं तर मी मान हलवली असती, २२ पैकी २१ एकट्या रेड बुलने नेल्या होत्या.

इंधन २०२४ मध्ये एका गाडीला शर्यतीत जास्तीत जास्त ११० किलो होतं. नासाडी शोधायचीच तर २४ ठिकाणी सगळा पसारा नेण्यात शोधा, तिथे बोलायला जागा आहे.

राहिला भारतीयांचा मुद्दा. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये उतरला, करुण चंधोक २०१० मध्ये. २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं एफ-वनची एक शर्यत ग्रेटर नोएडाला झाली. कार्तिकेयनने २००५ ला अमेरिकेत पाच गुण मिळवले, तेही सहाच गाड्या धावल्या तेव्हा. त्यानंतर कोणा भारतीय ड्रायव्हरला गुण मिळालेला नाही, आणि हे मी भाच्याला न लपवता सांगितलं. तो म्हणाला, “मले चालवाची नाही मामा, मले ती खोलून पाहाची आहे.”