‘एक पूरग्रस्त’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, रागात लिहू नकोस, सकाळी बघ. सकाळी परत वाचली तर जास्तच लागली. तेव्हा आता लिहितोच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९६१ साली पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, त्या पुराच्या जागा बघत मी एक फेरी केली होती, त्यावर मागचा लेख होता. सुरुवात पानशेतच्या भिंतीपासून, मग खडकवासला, मग शहरात ओंकारेश्वर, लकडी पूल, नवा पूल आणि शेवटी गोखलेनगर. त्याखाली ‘एक पूरग्रस्त’ या नावाने आलेल्या प्रतिक्रियेत बरेच आक्षेप आहेत: धरणासाठी उठवलेल्या गावांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, चौकशी आयोग एका ओळीत उरकला, मृतांचा आकडा मोघम दिला. आणि मग हे वाक्य: “ज्यांनी पूर पाहिला नाही त्यांनी सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, दुसऱ्यांची माणसं जिथे वाहून गेली तिथे उभं राहून फोटो काढायचे, येताना भजी खायची आणि वर त्याला इतिहास म्हणायचं, ही कुठली संस्कृती?”

या वाक्याचंच आधी बघू.

लेख पटला नाही, तर तसं सांगायला काहीच हरकत नव्हती. इथे लोक माझ्याशी कायम भांडतात, मलाही ते आवडतं. पण तुम्ही लेख बाजूला ठेवून थेट माझे संस्कार काढलेत, तेही स्वतःचं नाव न देता. मी माझ्या नावाने लिहितो. निदान आडनाव तरी टाकायचंत, म्हणजे कोणाशी बोलतोय ते मला कळलं असतं. ‘एक पूरग्रस्त’ अशी सही केली की समोरच्याने मान खाली घालून गप्प बसायचं, असा तुमचा समज दिसतो. तसं होणार नाही, कारण ती सही माझ्या घरातही चालते.

माझे आजोबा शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अंगाला, तळमजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. १२ जुलै १९६१, बुधवार. आजी सांगायची, गल्लीत ‘पानशेत फुटलं, पळा’ असा ओरडा झाला तेव्हा अर्ध्या बिऱ्हाडांना ते खरंच वाटेना. धरण तिकडे चाळीसेक किलोमीटरवर, पाणी इथे कसं येईल? तिने आत्याला कडेवर घेतलं, बाबांचा हात धरला आणि नेसत्या साडीनिशी शुक्रवार पेठेतल्या नातेवाइकांचं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी परत पाणी येतंय अशी आवई उठली, तेव्हा तिथूनही सगळे पर्वतीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर परतले तर खोल्या गाळाने भरलेल्या. धान्य कुजलं होतं, आजोबांची पुस्तकं फुगून त्यांचे गोळे झाले होते.

त्या गाळातून आजीचं शिलाई मशीन निघालं. ते आज माझ्याकडे आहे. पायमशीन आहे, लाकडी फळीचं. उजवीकडचा खण सुरळीत उघडतो. डावीकडचा मात्र फुगलाय, निम्म्यात अडकतो, आणि जोर लावून ओढला की फटीतून अजून करडी माती सांडते. टाल्कम पावडरइतकी बारीक. आईने तो खण कितीदा धुतला असेल! मी आता धूत नाही. तेव्हा पूर म्हणजे काय, हे मला सांगायच्या आधी जरा विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

त्या खोल्या गेल्याच. पुढची काही वर्षं बिऱ्हाड गोखलेनगरला, पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये. बाबा तिथे वाढले. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी मुलं झाडाखाली, आणि पाऊस लागला की आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. तुम्ही ज्याला सुट्टीच्या दिवशी गाडी काढणं म्हणता, त्या फेरीचा शेवट मी गोखलेनगरला केला तो काही रस्ता चुकून नव्हे.

राहिला मुद्दा, मी पूर पाहिला नाही. नाही पाहिला, माझा जन्मच झाला नव्हता! १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तो पाहिलेलं कोणीही हयात नाही, तरी शनिवारवाड्याच्या दारात तिकिटाला रांग लागते. तिथे तुम्ही कोणाची संस्कृती काढता का? साठ वर्षांपूर्वीच्या मरणाला अजून माणसं आहेत, हे मला कळतं. पण म्हणून ती जागा फक्त पाहिलेल्यांची, असं ठरवलंत तर आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ती कोणाचीच उरणार नाही. बाबा गेले, आत्याला आता नीट आठवत नाही. मग मी काय करायचं? घरात बसून खणातली माती बघायची?

आणि तिथे गेल्याने काय मिळतं, हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही भज्यांपर्यंत पोचेतो ते सुटलेलं दिसतं. परत लिहितो.

पानशेत मातीचं धरण आहे, आंबी नदीवरचं. १९६१ साली बांधकाम पुरं झालेलं नसताना त्यात पहिल्यांदा पाणी साठलं. मातीच्या बांधाच्या तळातून पाणी सोडण्यासाठी कमानीचा बोगदा काढलेला होता. तो प्रबलित काँक्रीटचा हवा, पण पोलादाची टंचाई, म्हणून साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा केला. दरवाजांचं कामही अर्धवट. त्यातून पाणी धडधडत सुटलं, बोगद्याला हादरे बसले आणि त्याच्यावरची माती खचत गेली. हे सगळं मी कागदावर अनेकदा वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात ‘धरण फुटलं’ म्हणजे एखादी भिंत कोसळते तसं चित्र होतं. आजचं धरण नंतर परत बांधलेलं आहे, तरी बांधाच्या माथ्यावर उभं राहून खाली उतार बघितला तेव्हा उलगडलं की आधी माथा बसत गेला, आणि जवान रात्रभर वाळूची पोती टाकत होते ती त्या बसलेल्या माथ्यावर. पाणी चढतंय, पायाखालची माती खाली जातेय, आणि पाऊस. सकाळी सातच्या सुमारास धरण गेलं. उजाडल्यावर गेलं म्हणून पेठांमधली माणसं पळू तरी शकली. आमच्या घरात आजी त्या जवानांना दर १२ जुलैला हात जोडायची.

तिथून उतरत खडकवासल्याला या. ही दगडी भिंत, १८७९ सालची. पानशेतचं सगळं पाणी तिच्या डोक्यावरून वाहत होतं तरी ती काही तास उभी होती, मग तीही गेली. आणि मग लकडी पुलावर येऊन कठड्याशी उभे राहा. खाली नदीपात्रातला रस्ता, त्यावर लावलेल्या गाड्या, पलीकडे मेट्रोचे खांब. त्या दिवशी पाणी तुमच्या पायाखाली नव्हतं, पुलावरून जात होतं. मान वर करून बघावं लागतं ते कुठवर असेल हे समजायला. पुस्तकात आकडा वाचून अशी मान वर होत नाही. माझी झाली नव्हती.

आता जरा कडक बोलतो. या शहरात गेल्या तीस वर्षांत राहायला आलेल्या माणसाला पानशेत म्हणजे बोटिंगची जागा. त्याच्यासाठी नदी म्हणजे ‘रिव्हर व्ह्यू’. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा टीव्हीवर जो तो म्हणत होता, असं कसं झालं? ज्यांनी पूर पाहिला नाही, नेमकं त्यांनीच सुट्टीच्या दिवशी गाडी काढून तिथे जायला हवं. तुम्ही त्यांना दारातच हाकलताय, तेही पूरग्रस्तांच्या नावाने.

भजी. भज्यांचा फोटो मी काढून टाकला आहे. तुम्हाला त्याने त्रास झाला असेल तर तो लेखात असायलाच हवा असं काही नव्हतं, एवढं मान्य. पण श्राद्धाला वडे करणारी आपण माणसं! खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खाल्ल्याने नेमका कोणाचा अपमान झाला, हे मला अजून समजलेलं नाही. आणि ‘फोटो काढायचे’ म्हणजे काय? एक फोटो वाड्याच्या दारावरच्या पूररेषेचा होता. तो वाडा या वर्षी पाडायला काढलाय. फोटो नसता तर ती रेषाही गेली असती.

बाकीचं पटकन. मृतांचा आकडा: सुमारे हजार असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर एकमत नाही, आणि हे मी लेखात लिहिलं होतं. नीट वाचलं असतंत तर मोघम म्हणाला नसतात. आयोग: न्यायमूर्ती बावडेकरांनी काम पुरं होण्याआधी आत्महत्या केली, पुढची चौकशी न्यायमूर्ती नाईकांकडे गेली. यावर पुण्यात प्रत्येक कट्ट्यावर वेगळी गोष्ट ऐकायला मिळते. मला त्यात भर घालायची नाही, म्हणून एक ओळ. धरणासाठी उठवलेली गावं: हा विषय मोठा आहे, माझा लेख शहरातल्या पुराबद्दल होता. एका लेखात सगळं मावत नाही. कधी लिहीन तेव्हा लिहीन.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. तुम्ही त्या दिवशी कुठे होतात, पाणी कुठपर्यंत आलं, कोण गेलं, हे तुम्ही लिहिलंत तर मी ते एका शब्दाची काटछाट न करता वेगळा लेख म्हणून छापेन. टोमणे मारायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागेल इतकंच. आणि कृपा करून नावानिशी लिहा.

खाली दोघा-तिघांनी गोखलेनगरला नेमकं कुठे उतरायचं ते विचारलंय. त्यांना संध्याकाळी सांगतो, आत्ता ऑफिसला उशीर होतोय.